पाच तारा काढलेली गिटार

पुण्याहून नागपूरच्या गाडीत चढले तेव्हा माझ्या हातात, माझ्या सगळ्या सामानापेक्षा मोठी अशी एक रिकामी पेटी होती. गिटारची. काळी, कडक, आतून लाल मखमल लावलेली. ती बाकाखाली जाईना, वरच्या फळीवर मावेना. शेवटी मांडीशी उभी धरून बसले. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही." तर म्हणाले, "मग एवढी जागा कशाला अडवता?" मी खिडकीकडे तोंड केलं. झोपायची वेळ झाली तेव्हा पेटीला भिंतीकडे ठेवून तिच्या शेजारी अंग चोरून पडले. या प्रवासातल्या रागाची सुरुवात तिथून झाली, आणि तो अजून उतरलेला नाही.

पेटी भरून आणायची होती. त्यासाठी एतिएन कोण, हे आधी सांगावं लागेल. एतिएन लाकास हा फ्रान्सचा फ्री जॅझ गिटारवादक. फ्री जॅझ म्हणजे आधी ठरलेली चाल, ताल, सुरावट यांतलं काहीही न जुमानता त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. त्याचा बाप बंदरावर जहाजांना रिबिटा ठोकायचा. घरात दिवसभर घणांचा आवाज. एतिएन आधी नाचाच्या हॉलमध्ये अकॉर्डियनवाल्यांच्या मागे बसून गिटार वाजवायचा. तिथे तेच तेच वाजवून त्याचं डोकं फिरलं. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले त्या काळात तोही तिथे पोहोचला आणि बंद पडलेल्या कारखान्यांत, कामगारांसमोर वाजवू लागला. तारांमध्ये कानस अडकवायचा, काटेचमचे खोचायचा. श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहायचा. एकदा कुणीतरी बूट फेकला, तर याने तोच बूट तारांवर घासून उरलेली मैफल पूर्ण केली. भांडखोर होता. संयोजकांशी भांडला, साथीदारांशी भांडला, रेकॉर्ड काढणाऱ्यांशी तर कायमच. जिवाभावाचा एक ढोलवादक तेवढा टिकला, आणि तो गेल्यावर एतिएनने गिटार पलंगाखाली सरकवून दिली. मार्सेयला टॅक्सी चालवू लागला. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्याला शोधून काढलं, पुन्हा मंचावर चढवलं, आणि अशाच एका दौऱ्यात तो नागपूरला आला. तिथून तलाव पाहायला म्हणून अड्याळ नावाच्या गावी गेला आणि परत गेलाच नाही. सात-आठ वर्षांनी तिकडेच वारला.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. एतिएनचं चरित्र मराठीत आणायचं काम मी सहा वर्षं करत होते. मूळ पुस्तकाचं शेवटचं वाक्य असं आहे: "आणि मग भारतातल्या गोंदियाच्या जंगलात, पूर्वेच्या मौनात, तो विरून गेला." हे वाक्य मराठीत उतरवताना मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. 'विरून' की 'विलीन होऊन'? केवढी चिंता! भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन इतकी वर्षं झाली, अड्याळ भंडाऱ्यात राहिलं, आणि तिथे जंगल नाही, बाजारपेठ आहे, हे मला नकाशा उघडल्यावर कळलं. लेखकाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

पुस्तकातली छायाचित्रं, पत्रं, सगळ्यांचे हक्क एतिएनच्या पुतण्याकडे, फिलिपकडे. तो मराठी पुस्तकाला परवानगी देणार होता एका अटीवर. तिकडच्या एका संग्रहालयाला एतिएनची गिटार हवी होती. ती अड्याळला आहे. मी जायचं, आणायची, त्याला पाठवायची. काका वारले तेव्हा हा आला नव्हता. संग्रहालयाने विचारल्यावर याला काकांची आठवण झाली. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण सहा वर्षांचं काम दिसत होतं त्याहून जास्त. मी पेटी विकत आणली आणि निघाले.

नागपूरहून भंडारा, वैनगंगेचा पूल, भंडाऱ्याहून पवनीची बस. दिवाळी होऊन गेली होती. दोन्ही बाजूंना धान कापून शेतात कडपा (कापलेल्या धानाच्या ओळी) वाळत घातलेल्या. मध्येच एखादी बोडी (लहान तळं), तिच्या काठावर बगळे. फार छान दिसत होतं, पण बसमध्ये माझी पेटी तिघांच्या गुडघ्यांत रुतत होती, त्यामुळे कुणाचंच लक्ष बगळ्यांकडे नव्हतं.

कंडक्टर आला. पेटीकडे पाहून म्हणाला, "मंडईले चाललां का मॅडम? उद्या हाये अड्याळची."

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर या भागात गावोगावी जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं होतात. तिला मंडई म्हणतात.

मी म्हटलं, "नाही, एक गिटार आणायला चाललेय. तिथे एक फ्रेंच गृहस्थ राहायचे..."

"बुढ्याचा बाजा!" कंडक्टर पुढचं तिकीट फाडायचं थांबला. "आमी पाह्यला न जी वाजवताना. एकच सूर धरे बुढा, पन सारी मंडई आयके. तो बाजा कायले नेऊन राहिले तुमी?"

मी 'कामासाठी' असं काहीतरी पुटपुटले. मनात मात्र पुस्तकातलं ते शेवटचं वाक्य खटकलं. मौनात विरून गेलेला माणूस सगळ्या मंडईला ऐकू जात होता म्हणे.

अड्याळच्या स्टँडवर मला घ्यायला महादेवभाऊ आले होते. मी फोन केला होता तो संगीताबाईंना. एतिएन ज्यांच्या घरी राहायचा त्या शाहीर डोमाजींची ही मुलगी. डोमाजी वारले, आता खडी गंमतीची पार्टी तीच चालवते. महादेवभाऊ त्या पार्टीतले ढोलकीवाले. पन्नाशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. माझ्या हातून पेटी जवळजवळ हिसकावून घेत म्हणाले, "चाला ताई, आधी बाजा भरून घेऊ. साडेतीनची बस हाये वापस जायाले."

मी म्हटलं, "अहो, आत्ताच तर आले. चहा तरी..."

"चहा भंडाऱ्याले भेटते न. अठी कायले थांबता?"

मला वाटलं, काय तत्पर माणूस आहे! पुण्यात कुरियरवाला इतकं मनावर घेत नाही.

विहारापासून दोन गल्ल्या सोडून संगीताबाईंचं घर. दारावर पंचशील झेंडा, अंगण नुकतंच सारवलेलं. त्या शेतावर होत्या. महादेवभाऊ थेट आत गेले आणि भिंतीवरून गिटार उतरवून माझ्यासमोर धरली.

मी ओरडलेच. चरित्राच्या मुखपृष्ठावर आहे ती गिटार मधाच्या रंगाची. ही निळ्या ऑइल पेंटने रंगवलेली होती. पोटावर पांढऱ्या अक्षरांत पार्टीचं नाव आणि 'मु. अड्याळ'. घोडीखाली बांबूची चीप ठोकलेली. सहापैकी पाच खुंट्या मोकळ्या. एकच तार, मधोमध ताणलेली.

"हे कुणी केलं?" माझा आवाज चढला. "तुम्हाला कल्पना आहे का हे वाद्य काय आहे? जगात लोक या गिटारवर पुस्तकं लिहितात! आणि तुम्ही हिला बैलगाडीसारखा रंग फासलात?"

महादेवभाऊंनी मान हलवली. "खराबच झाला जी तो. म्हनून तर म्हनतो, घेऊन जा." आणि गिटार मखमलीवर ठेवून झाकण लावू लागले.

"कोनाले इचारून काढलं?"

दारात संगीताबाई उभ्या होत्या. चाळिशीची, सडपातळ बाई, धानाचं कूस केसांत, हातात विळा. प्रश्न मला नव्हता.

महादेवभाऊ म्हणाले, "आता घरचेच लोक मांगून राहिले त्याईचे, तर..."

"उद्या मंडई हाये. उद्या तुमची पाळी हाये. ठेवा तठी."

महादेवभाऊंनी पेटी उघडली, गिटार पुन्हा भिंतीवर टांगली आणि चप्पल घालून निघून गेले. मला काहीच कळलं नव्हतं. मी फक्त चिडलेली होते.

संगीताबाईंनी विळा वळचणीला खोचला, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "तुमी फोनवर म्हनल्या, नेतो म्हनून. मी हो म्हनली. पन मंडईच्या आधी येसान, असं कोठी म्हनल्या तुमी? जेवून घ्या आधी. मंग भांडू."

जेवायला भात, झिंग्यांची (लहान कोळंबी) रस्सा भाजी आणि आयते (तांदळाच्या पिठाची जाळीदार गोड धिरडी) होते. झिंगे वैनगंगेचे, आणि इतके चविष्ट की रागात जेवणं मला जड गेलं. पहिला घास गिळून मी पुन्हा गिटारच्या रंगावर आले.

"रंग काकाजीनंच देल्ला," संगीताबाई एतिएनबद्दल म्हणाल्या. "तारा बी त्याईनंच काढल्या."

मी घास ताटात ठेवला आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

एतिएन पहिल्यांदा मंडईत आला तेव्हा डोमाजींची गंमत चालू होती. खडी गंमत म्हणजे उभ्यानं करायची गंमत. पुढे शाहीर, मागे झीलकरी (शाहिराची ओळ उचलून धरणारे), सगळे उभे. कुणी बसत नाही. एतिएनने हातवारे करून विचारलं, मीही वाजवू का? डोमाजींनी त्याला मागच्या रांगेत जागा दिली. नवा माणूस तिथूनच सुरुवात करतो. त्याचं काम तुणतुण्याचं. एक सूर धरायचा, गंमत संपेपर्यंत सोडायचा नाही. पण एतिएन पडला पॅरिसमध्ये तयार झालेला. त्याने कानस काढली, तारा खरवडल्या, उंच किंचाळणारे सूर काढले. डोमाजींनी भर मंडईत गाणं थांबवलं.

"बाबा म्हने, तुह्यापाशी सहा तारा हायेत, म्हनून तू आयकत नाही. पाच काढ, मंग ये."

"मग?"

"मंग काय! बम चिडले काकाजी. मोठ्यानं बोलले त्याईच्या भाषेत. बाजा घेतला, भंडाऱ्याले निघून गेले." त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. "चार-पाच दिवसांनी वापस आले. बाजा दाखवला बाबाले. एकच तार होती."

संगीताबाई सांगत होत्या त्यात भक्तिभाव अजिबात नव्हता. एतिएन या घरात भांडतच राहिला. भातात तिखट जास्त म्हणून भांडायचा, डोमाजी पुढे येऊ देत नाहीत म्हणून तर रोज. डोमाजींनी त्याला शेवटपर्यंत डफ दिला नाही, ढोलकी दिली नाही. मागचीच रांग. चरित्रात लिहिलंय, तो तिथे 'स्थानिक वादकांच्या वृंदाचं नेतृत्व' करायचा. मला हसू यायला हवं होतं. मला संताप आला. एका माणसाने आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, मग म्हातारपणी कुणाचं तरी ऐकायचं ठरवलं आणि ते त्याला रोज जड गेलं. ही खरी गोष्ट होती. ती गिळून यांनी तिथे जंगल आणि मौन लावून दिलं होतं! आणि मी त्याला चांगलं मराठी शोधत बसले होते.

"आणि पाळी कसली? महादेवभाऊंची?"

संगीताबाई उठल्या, ताटं गोळा केली. "ते त्याईलेच इचारा. मी कायले सांगू?"

महादेवभाऊ सापडले पानठेल्यावर. मला पाहून त्यांचा हसरा चेहरा उतरला. मी सरळ विचारलं.

"डोमाजी गेले," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तवा संगीता म्हनली, मी उभी राहीन शाहीर म्हनून. आमच्या कडं बाईचं सोंग मानूसच घेते जी. बाई पुढं, आन् आमी मानसं तिची झील धरनार? मंडईत ती बापाचा फेटा बांधून उभी राह्यली, आन् आमी चौघं निघून गेलो. डफवाले दोघं, एक झीलकरी. आन् मी बी."

"तुम्हीसुद्धा? ढोलकी घेऊन?"

"हो न."

"काहून?" हे मी रागाने विचारलं, आणि तोंडातून 'का'ऐवजी 'काहून'च निघालं.

"लोकं हासतीन म्हनून." त्यांनी पान थुंकलं. "बुढा नाही गेला. आमी बोलावलं त्याले, चाल म्हनून. त्यानं पाह्यलंच नाही आमच्याकडं. ढोलकी नाही, डफ नाही, तिचा एकटीचा आवाज आन् त्याची ती एक तार. लोकं आधी हासले. मंग चुप झाले. शेवटलोक हालले नाही कोनी."

पुढच्या वर्षी चौघंही परत आले. संगीताबाईंनी घेतलं, एक शब्द बोलल्या नाहीत. एतिएन वारला, गावाने त्याला तळ्याकाठी अग्नी दिला, आणि मग त्यांनी चौघांना सांगितलं: दर मंडईला तुमच्यातला एकेक जण मागच्या रांगेत तो बाजा धरेल. तिघांची पाळी दोन-तीनदा येऊन गेली. महादेवभाऊ दरवर्षी 'ढोलकी कोन वाजवन?' म्हणून सुटत आले. यंदा संगीताबाईंनी एकोडी गावातून दुसरा ढोलकीवाला बोलावला होता.

आणि नेमकी मी पेटी घेऊन उगवले होते. म्हणून ती साडेतीनची बस!

माझ्या तत्पर माणसाकडे मी बघत राहिले. याला पळून जायला वाट हवी होती, आणि ती वाट काळी, कडक, आतून लाल मखमल लावलेली होती. "मी उद्यापर्यंत थांबणार आहे," मी म्हटलं, आणि फणकाऱ्याने निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजाराच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. बांगड्यांची दुकानं, जिलबीच्या कढया, आकाशपाळणा, माहेरी आलेल्या लेकींचे घोळके. एका कोपऱ्यात कुणीतरी भल्यामोठ्या भोंग्यांवर गाणी लावली होती. मी जाऊन त्या माणसाशी भांडले. त्याने आवाज कमी केला आणि मी पाठ फिरवताच पुन्हा वाढवला. मी परत जाऊन वायरच उपटली. तो मला मारायलाच आला असता, पण दोन म्हाताऱ्या मध्ये पडल्या. "गंमत होऊन राहिली न रे, दम खाय जरा," त्या त्याला म्हणाल्या.

झाडाखाली माणसांचं रिंगण. संगीताबाई पुढे आल्या. हिरवं लुगडं, डोक्याला बापाचा फेटा. मागे डफवाले, झीलकरी, एकोडीचा ढोलकीवाला. आणि सगळ्यात मागे, निळी गिटार छातीशी धरून, महादेवभाऊ. खालमानेने.

आधी बुद्धवंदना, मग गण, मग एक सवाल-जवाब, ज्यात सासू सुनेला विचारते आणि सून तिला पुरून उरते. संगीताबाईंचा आवाज गोड नाही. खणखणीत आहे, शेताच्या त्या टोकाला हाक मारावी तसा. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मागे ती एक तार वाजत होती. महादेवभाऊंचा हात ढोलकीचा. थोड्या वेळाने त्यांना राहवेना, मध्येच त्यांनी ठेका घुसवला. संगीताबाई गाता गाता वळल्या आणि नुसतं पाहिलं. महादेवभाऊ सुरावर परत आले. त्यानंतर त्यांनी तो सोडला नाही. ऊन सरकत सरकत त्यांच्या तोंडावर आलं, त्यांनी घामसुद्धा पुसला नाही.

माझ्या संग्रहात एतिएनची सगळी ध्वनिमुद्रणं आहेत. कानस, काटेचमचे, बूट, सगळं. एका सुरात ऐकण्यासारखं काय असतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. त्या सुरावर ती बाई पाय रोवून उभी होती.

गंमत संपली. रिंगण मोडलं, लोक जिलबीकडे पांगले. मी झाडाला टेकवून ठेवलेली पेटी उघडली. संगीताबाई फेटा सोडत म्हणाल्या, "झाली पाळी. द्या महादेवभाऊ ताईले."

महादेवभाऊ अजून तार छेडत होते. हळूहळू. समोर कुणी नव्हतं.

"द्या न," त्या पुन्हा म्हणाल्या.

"थांब न थोडी." त्यांनी गिटार आणखी छातीशी धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढल्या सालीबी मीच धरतो. ढोलकी वाजवू दे त्याले."

संगीताबाईंनी सोडलेला फेटा खांद्यावर टाकला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्याचा त्यांना राग आला होता, हे स्पष्ट दिसत होतं. मग माझ्याकडे वळल्या. "मी तुमाले हो म्हनली होती. मी वापस नाही फिरत. आता तुमी पाहा."

सगळं माझ्यावर टाकून त्या मोकळ्या झाल्या. मला त्यांचाही राग आला. माझ्या डोळ्यांसमोर माझी सहा वर्षं होती, टेबलावरचे कागदांचे गठ्ठे होते, आणि काचेच्या कपाटात टांगलेली ही निळी गिटार होती. तिच्याखाली पाटी असणार, 'मौनकाळातील वाद्य'. मी पेटीचं झाकण असं आपटलं की जिलबीवाल्याने वळून पाहिलं.

"ठेवा तुमच्याकडेच," मी म्हटलं. "पण रंग पुन्हा द्या, खालचा उडालाय."

आभार कुणी मानले नाहीत. संगीताबाई पेटी उलटसुलट करून पाहत होत्या. "ही पेटी बी ठेवून जाता का? पावसात डफ ओले होतेत."

मी पेटीही ठेवून आले.

परतताना नागपूर स्टेशनवर फिलिपचा फोन आला. मी त्याला सांगितलं, गिटार मिळणार नाही. म्हणाला, "म्हणजे खराब झाली का?" मी म्हटलं, "नाही, वाजते. म्हणून तर मिळणार नाही." त्याला ते पटलं नाही. त्याने परवानगी नाकारली, आणि शेवटी थंडपणे विचारलं की मग मी तिथे नक्की केलं काय. माझ्या तोंडात आलेलं उत्तर फ्रेंचमध्ये फार सभ्य नव्हतं. मी ते दिलं.

येताना गाडीत माझ्या मांडीवर काही नव्हतं आणि पाय पसरायला जागा होती, तरी मला झोप लागली नाही. पुस्तक आता निघणार नाही. छायाचित्रं त्यांची, पत्रं त्यांची, ती त्यांनी सांभाळावीत. पण ते शेवटचं वाक्य माझ्या मराठीत कागदावर पडलेलं आहे आणि ते तसंच राहू देणं मला शक्य नाही. म्हणून ते इथे खोडते आणि पुन्हा लिहिते.

एतिएन लाकास कुठेही विरून गेला नाही. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या मंडईत, सगळे निघून गेले तेव्हा, मागच्या रांगेत तो एकटा उभा राहिला, आणि त्याच्या पुढे एक बाई गात होती.